तुलनेची गल्ली

आमच्या गल्लीत तिला सगळे प्रश्नबाई म्हणायचे. विद्यापीठाच्या नगर-अभ्यास विभागात ती सर्वेक्षणाला होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि तोंडी तेच: पाणी कधी येतं, गटार कधी तुंबतं, घरात आजारी कोण. दुसऱ्या गल्ल्यांत लोक तिला दारातूनच वाटेला लावत. आमच्याकडे एकही दार बंद झालं नाही, कारण ती शेजारची सून.

"नीट उत्तरं द्या हो काका, म्हणजे पहिलं काम आपलंच होईल," असं ती मलाही म्हणाली होती. आम्ही भोळे, काहीही हातचं राखलं नाही.

आमच्या उंबऱ्यांना लागूनच उघडं गटार. विभागाने नगरपालिकेकडून झाकणं मिळवली आणि ती बसली पलीकडच्या गल्लीत! प्रश्नबाई तडक प्राध्यापकांकडे गेली. माणूस वाईट नव्हता. चहा पाजून त्याने तिला समजावलं. एक गल्ली झाकायची, एक उघडी ठेवायची आणि दोन वर्षांनी फरक मोजायचा. उघडी ठेवायची ती अशी हवी, की जिथे प्रत्येक घर दर खेपेला उत्तर देतं.

"तुमच्या गल्लीइतकं सहकार्य कुठेच नाही," तो कौतुकाने म्हणाला.

घ्या! चांगुलपणाचं हे बक्षीस. आम्ही तिच्या नावाने बोटं मोडली. तिला नोकरी सोडता येत नव्हती, घर तिच्यावरच चालत होतं. पुढे नगरपालिका आपणहून आमचं गटार झाकायला निघाली, तर अभ्यास संपेपर्यंत थांबा, असं विभागानेच सांगितलं. तो राग अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

नगरपालिका थांबली. मग एका सकाळी प्रश्नबाईची सासू पाय घसरून गटारात पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि म्हातारीने अंथरूण धरलं ते धरलंच.

शेवटच्या फेरीत प्रश्नबाई स्वतःच्याच घरी प्रश्न विचारायला बसली. मी म्हातारीची विचारपूस करायला गेलो होतो.

"मी पडले ते लिहिलंस?" म्हातारीने विचारलं.

"लिहिलं, आई."

"मग आता तरी झाकतील?"

"आपलं कधी, ते माहीत नाही. पण गटार झाकलं की माणसं पडत नाहीत, हे आता सिद्ध होईल."

"ते मी न पडताच सांगितलं असतं की गं."

प्रश्नबाईचे डोळे भरून आले. पदराने ते पुसून तिने पुढचा प्रश्न विचारला.