पिशोरच्या विहिरीतला निरोप

निशा पिशोर गावची, शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करते. पाण्याखाली रेडिओ चालत नाही, म्हणून आवाजानं निरोप धाडायचा. निरोपाचे तुकडे करून ते शेजारी-शेजारी लावलेल्या सुरांवर चढवायचे. पण यंत्र हललं की सूर सरकतात, एकमेकांच्या हद्दीत घुसतात आणि निरोपाचा चुथडा होतो. ही घुसखोरी मोडून काढायची, हा निशाचा ध्यास. "मराठवाड्यात समुद्र कुठंय?" असं कुणी हसलं, की ती फटकन म्हणायची, "विहिरी आहेत की!"

रत्नागिरीच्या समुद्रातल्या चाचणीला एकाच विद्यार्थ्याला जायचं होतं. ती संधी आपल्याला मिळावी म्हणून तिनं आधी गावी कडुबामामाच्या विहिरीत चाचणी घेतली. एक यंत्र तळाशी, दुसरं मामाच्या हातातल्या दोरावर. निकाल चकचकीत आला. आकडे बघून तिच्या मार्गदर्शक विश्वजीत सरांच्या कपाळाला आठी पडली.

"एकही चूक नाही? हे आकडे विहिरीतले, की घरी बसून लिहिलेले?"

निशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चला पिशोरला, सर. डोळ्यांनी बघा."

सर आले. मामा दोर धरून, पाय रोवून, श्वास रोखून उभा. मागच्या खेपेला निशा संगणकात डोकं घालून बसलेली. आज तिनं मान वर केली.

"मामा, दोर वरखाली करा म्हणलं होतं ना?"

"येडी का तू? एवढं महागाचं यंत्र, भितीला थडकलं म्हंजी? मागल्या बारीला बी तसूभर हलू दिलं नाय म्या! मोटार बंद ठिवली. शेजारच्या गोकुळला पाणी बी काढू दिलं नाय, लई शिव्या दिल्या त्यानं."

सर खो-खो हसले. निशाचा चेहरा पडला. यंत्र हललंच नव्हतं, मग तिची दुरुस्ती तपासली तरी कशी जाणार?

"ओढा आता, पोहरा शेंदता तसं."

"फुटलं तर?"

"माझ्या नावावर!"

मामानं सपासप ओढलं. पडद्यावर अक्षरांची खिचडी. निरोपासोबत तिनं एक ओळखीचा सूर पाठवला होता. तो किती सरकला ते मोजायचं आणि बाकीच्यांना तेवढंच मागं आणायचं. पण ती सुरुवातीला एकदाच मोजत होती, अन् मामाचा हात तर घडीघडीला वेग बदलत होता. तिनं तिथंच काठावर बसून मोजणी सतत चालू राहील असं केलं.

"मामा, परत!"

दोर सरसरला. पडद्यावर निरोप उमटला, दोन-तीन अक्षरं चुकून, पण वाचता येईल असा.

"अजून चुकतंय," निशा पुटपुटली.

"म्हणूनच पटतंय," सर म्हणाले. "समुद्रात याच्याहून जास्त हलेल. रत्नागिरीला तू जा."

"व्हय, पण तिथं दोर कोण धरणार?" मामानं काळजीनं विचारलं.


"समुद्रच हलवेल, मामा," निशा म्हणाली, आणि चुकलेली अक्षरं शोधायला पुन्हा पडद्यात वाकली.