सगळं वाचणारे काका

जगात छापलेला प्रत्येक शब्द खास आपल्यासाठीच छापला आहे, अशी इकडे परदेशात, पार्सिपनी गावातल्या आमच्या शेजारच्या काकांची पक्की समजूत. औषधाबरोबर येणारा घडीचा कागद ते जेवणाच्या टेबलावर पसरून शेवटपर्यंत वाचणार आणि मग गोळी घ्यायची की नाही ते ठरवणार. एकदा विमानतळावर भाड्याची गाडी घेताना करार वाचत उभे राहिले. मागची रांग दारापर्यंत गेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, नोबडी रीड्स दॅट." काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "दॅट इज व्हाय दे राइट इट." दिवाळीत कुणी चिवड्याचं पाकीट दिलं तरी आधी मागचे घटक वाचायचे. आमचं पाकीट मात्र तसंच फोडायचे. "तुझ्या घरचं काय वाचायचं?"

मी तेव्हा इन्सुलिन पंप बनवणाऱ्या कंपनीत, तक्रारींच्या विभागात होतो. पंप बंद पडतो, अलार्म वाजत नाही, अशा तक्रारी यायच्या आणि त्यांवर वरून ठरलेला शेरा मारायचा: 'रुग्णाने सूचना वाचल्या नाहीत.' एका बाईंनी लिहिलं होतं, सकाळी नवऱ्याला उठवायला गेले तर अंग गार होतं. सूचनांची पुस्तिका आम्ही दोघांनी मिळून वाचली होती, असंही त्यांनी लिहिलं होतं. त्यावरही मी तोच शेरा मारला.

त्याच सुमारास काका रिटायर झाले. आमच्याकडे जेवताना म्हणाले, "साठवलेलं बरंचसं तुमच्या कंपनीच्या शेअरमध्ये टाकतोय. पंप चांगला आहे ना रे?"

"चांगला आहे, काका," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.

पुढे पंप बाजारातून परत मागवावे लागले, शेअर कोसळला, गुंतवणूकदारांनी कंपनीवर फसवणुकीचा दावा लावला. मी तोवर नोकरी सोडली होती. गुंतवणूकदारांच्या वकिलांना सगळं सांगितलं. दाव्यात माझं नाव नाही, 'माजी कर्मचारी क्रमांक चार' एवढंच आहे. मी मनाला समजावत राहिलो, की आतली बातमी काकांना सांगितली असती तर तो गुन्हाच ठरला असता. ते खरंच आहे. पण 'चांगला आहे' म्हण, असं कुठल्या कायद्यानं सांगितलं होतं?

काकांनी अर्थातच अख्खा दावा प्रिंट करून, हातात पेन्सिल घेऊन वाचला. एका रविवारी दुपारी ते बाड घेऊन आमच्याकडे आले. एका परिच्छेदाखाली रेघ ओढलेली होती.

"हा चार नंबर तू का रे?"

"हो, काका."

"वकिलांना सांगितलंस, बरं केलंस." बाड मिटून ठेवलं. मग म्हणाले, "कंपनीचा रिपोर्ट आला होता घरी. धोक्यांची पानंच्या पानं होती त्यात. मी उघडलासुद्धा नाही. तू म्हणाला होतास ना." आणि चष्मा पुसता पुसता हसले. "माझ्याही तक्रारीवर तोच शेरा मारून टाक. सूचना वाचल्या नाहीत."

आता काकांनी घर विकायला काढलंय. काका-काकू दोघं दुसऱ्या राज्यात, ट्रॉयला मुलीकडे राहायला जाणार आहेत. यंदा दिवाळीला मी चिवडा घेऊन गेलो. "ये, ये," म्हणत काकांनी पूर्वीसारखंच हसून पाकीट घेतलं. मग खिशातून चष्मा काढला, पाकीट उलटं केलं आणि वाचायला लागले. त्यांचं वाचून होईपर्यंत मी दारातच उभा होतो.