तीन कम्प्युटर आणि अण्णांचा आवाज

एका घरात तीन कम्प्युटर असले की किस्से मुद्दाम शोधावे लागत नाहीत, वहीच भरत जाते. माझ्या रोजनिशीत गेले दोन महिने दुसरं काही नाहीच! अण्णांचा म्हातारा विंडोजवाला, माझ्या लेकीचा, मृणालचा मॅक आणि माझा लिनक्सवाला. तिघं एका राउटरवर, आणि कुणी कुणाला ओळखत नाही.

जोडायची घाई होती, कारण अण्णांच्या कम्प्युटरची डिस्क कट-कट वाजायला लागली होती. त्यात त्यांच्या गायन पार्टीची बावीस गाणी. मूळ कॅसेटी कधीच बुरशीनं गेल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, दर चौदा एप्रिलला गावोगाव भीमगीतं म्हणायचे. घशाच्या ऑपरेशननंतर आता नुसती कुजबुज उरली आहे.

* * *

आधी औरंगपुऱ्यातला मेकॅनिक गाठला. म्हटलं, पेन ड्राइव्हची भोकं मेलीत, सीडी उघडत नाही, डिस्कच काढून गाणी उतरवून द्या.

त्यानं डिस्कला कान लावला, डॉक्टरसारखा. मग म्हणाला, "भाऊ, घरी न्या. चालू हाय तवर नेटवर्कवरून काय निघंल ते काढा. म्या हात लावला अन् गेली, तर तुम्ही मला शिव्या देताल!"

तपासायचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

* * *

नवव्या दिवशी माझ्या स्क्रीनवर नेटवर्कमध्ये एक नवं नाव उमटलं! मी ओरडलो, "सापडला!" सगळे धावत आले. क्लिक केलं, तर तो शेजारच्या शेखभाभींचा टीव्ही निघाला.

"त्यांच्याकडं आपलं वायफाय कसं?" मी विचारलं.

बायको शांतपणे म्हणाली, "ईदला शीरखुर्मा आणला होता त्यांनी. डबा रिकामा कसा परत द्यायचा? पासवर्ड दिला."

घरातले तीन जुळेनात, भिंतीपलीकडचा टीव्ही मात्र विनासायास जोडलेला!

* * *

मग शोध लागला. जुना विंडोज नेटवर्कवर जी जुनी पद्धत वापरतो, ती मॅक आणि लिनक्स दोघांनीही बंद करून टाकली आहे. धोकादायक म्हणून. मी अण्णांना सोपं करून सांगितलं, "नवे कम्प्युटर जुन्याशी बोलायलाच तयार नाहीत."

अण्णा कुजबुजले, "म्हाताऱ्याशी बोलायला धोका वाटतो व्हय?"



* * *

अण्णांचा कम्प्युटर एकदा बंद पडला तर परत उठेल याची खात्री नव्हती. म्हणून मृणालनं त्यावर कागद चिकटवला : 'बंद करू नये.' अकरा दिवस सगळ्यांनी पाळलं. बाराव्या दिवशी आम्ही खुलताबादला लग्नाला गेलो. निघताना बायकोनं सवयीनं मेन स्विच खाली ओढला!

"अहो, कागद कम्प्युटरवर होता. मेनवर कुठं होता?" ती म्हणाली.

परत आल्यावर तो चौथ्या प्रयत्नाला उठला. कट-कट आता दुप्पट.

* * *

ती जुनी पद्धत दोन्ही नव्यांवर मुद्दाम चालू केली, तेव्हा मागच्या रविवारी जमलं. परवानग्यांच्या ज्या चौकटी आल्या त्या सगळ्या मी एकेक करून उघडून दिल्या होत्या. वाचा, लिहा, पुसा, काय वाटेल ते करा! दुपारी पाऊण वाजता अण्णांचं फोल्डर मॅकवरही दिसलं आणि लिनक्सवरही.

मृणालनं एक गाणं लावलं. आधी ढोलकी, मग अण्णांचा आवाज. खडा, पहाडी. पहिल्या ओळीतच तिनं ते थांबवलं, कारण अण्णांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"आधी जेवून घ्या, भाकरी निवायलीय," बायको म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही हसत जेवायला बसलो.

तिनं विचारलं, "म्हणजे आता गाणी तीन जागी झाली ना?"

"नाही गं. गाणी अजून अण्णांच्याच डिस्कवर आहेत. बाकी दोघांना नुसती खिडकी उघडून दिलीय. जेवण झालं की कॉपी करतो."

अण्णांचं पातळ जेवण आमच्या आधी आटोपतं; हे बोलणं निघायच्या आधीच ते उठले होते. मी हात पुसत आलो तेव्हा ते मॅकसमोर बसले होते. कितीतरी दिवसांनी चेहरा खुललेला.

"मिलिंदा, एकच माल तीन रॅकवर? तीस वर्षं स्टोअर सांभाळलं म्या, असं चालत नाय. हितली काढून टाकली, तर तुझ्या कम्प्युटरवरची आपोआप गेली! लई झ्याक जोडलंस रे."

मग स्वतःच्या कम्प्युटरकडं बोट दाखवून कुजबुजले, "मूळची तेवढी ठेवली हाय. लाव आता. पूर्ण ऐकू."