उलटं बटण

नंदुरबारच्या त्या स्टुडिओत आम्ही ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या हक्कांचं गाणं करायला गेलो होतो. पत्रकं मीच लिहायचे, पण डोंगरात ती वाचणार कोण? म्हणून गाडीवर वाजवायला गाणं. ढोलासाठी डोंगरातल्या काठी गावाकडचे एक काका आणले. होळी तोंडावर असताना ते घरचा ढोल खांद्यावर घेऊन आले. त्यांच्या पाड्यावर होळीला तोच वाजायचा.

काका काचेपलीकडे. अलीकडे मी, स्टुडिओवाला दादा, दोन मॉनिटर स्पीकर आणि खाली कोरा सबवूफर, खर्जाचा मोठा स्पीकर. कालच आणलेला; वायरी जोडल्या नि झालं. पहिली फेरी झाली. स्पीकरमधून ढोल आला तो कुणी उशी बडवावी तसा.

"ए बाबा, जोरमा वाजाड ना. भाकर खायेल नही का?" दादा माईकवरून काकांना ओरडला.

काकांनी जोर लावला. पुन्हा तेच.

"यान्हा ढोलमाच दम नही," दादा माझ्याकडे बघून हसला. मीही काचेवर टकटक करून खूण केली, अजून जोरात. श्रमाच्या सन्मानाचं कडवं अजून व्हायचं होतं. काका निथळत बडवत राहिले. शेवटी एका थापेला कातडं आडवं फाटलं.

तेव्हा कुठे दादाला सबवूफरची शंका आली. ऐकायच्या खुर्चीपाशी त्याने मोजायचा माईक उभा केला आणि खर्जापासून शिट्टीपर्यंत चढत जाणारा आवाज सोडला. पडद्यावरच्या रेषेत, ढोल बोलतो बरोब्बर तिथे, खड्डा. सबवूफरचं फेजचं बटण उलटं होतं. तो आणि मॉनिटर एकमेकांचा खर्ज खात होते. बटण फिरवलं, सबवूफरचा आवाज जरा उतरवला, पुन्हा मोजलं. रेषा सपाट.

हे सकाळीच करायचं असतं. पण मशीन नवं आणि काका डोंगरातले, तेव्हा खोट कुणात हे आधीच ठरलेलं.

मग दादाने काकांना अलीकडे बोलावून पहिल्याच फेरीचं रेकॉर्डिंग लावलं. फरशी हादरली.

"बाबा, दख, कसा वाजी ऱ्हायना. तुन्हाच शे हाऊ."

काकांचा हात फाटक्या कातड्यावर होता. "मग फाडायला का लावला?"

"जुनंच व्हतं ते चामडं."

एवढंच. वर त्याने कातडं फाटतानाच्या आवाजाचा तुकडा वेगळा काढला, सपाट केलेल्या स्पीकरवर परत परत ऐकला. "हाऊ ठेवू. डीजेले कामे यी."

गाणं झकास झालं. होळीला आमची गाडी काकांच्या पाड्यावर होती. ढोल घुमला, पोरं नाचली. काका ओट्यावर बसलेले. कुणीतरी त्यांना विचारलं, ढोल कुठाय?

त्यांनी आमच्या गाडीकडे बोट केलं.