पट्टीखालचा दोर

स्पष्टच सांगते. माझा व्हिडिओ नाकारला गेला तेव्हा चूक माझी होती. हे मान्य करायला मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत मी मेळ्याच्या आयोजक मुलीला लांबलचक मेसेज पाठवले, सगळे मुद्देसूद, क्रमांक घालून. सवय, दुसरं काय. आमच्या खारदांडा कोळीवाड्यात मासळी वाळवायची जागा वाचवायची म्हणून मी कॉलेजपासून पत्रकं लिहितेय. राग आला की माझ्या डोक्यात आपोआप ‘मागणी क्रमांक एक’ सुरू होतं.

व्हिडिओ म्हणजे एएमव्ही, ॲनिमे म्युझिक व्हिडिओ. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतले तुकडे कापायचे आणि आपल्या आवडीच्या गाण्यावर असे बसवायचे की ते चित्र त्या गाण्यासाठीच काढलंय असं वाटावं. जगभरची पोरं हे करतात, निव्वळ वेडापायी. बहुतेक जण धडाडधूम इंग्रजी गाणी घेतात. मी आत्याचा धवला घेतला.

आत्या धवलारीण आहे. आम्हा कोळ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची जुनी गाणी, म्हणणारी बाई. वाद्य नाही, माइक नाही, नुसता गळा. आता हळदीला डीजे येतो. आत्याला जेवायला बोलावतात, गायला नाही. ती काही बोलत नाही. मी बोलते. मी तिचा एक धवला मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि ठरवून टाकलं, अंधेरीच्या ॲनिमे मेळ्यात मोठ्या पडद्यावर, मोठ्या स्पीकरवर हा वाजलाच पाहिजे. तिला सांगूनही टाकलं. झालं! बाजारात मासळी कापता कापता ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागली, “रविवारी अंधेरीला माजा पिक्चर हाय.”

आणि इकडे व्हिडिओ बाद.

मालिका होती समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायकांची. मी ती नेटवरून उतरवली होती, त्यामुळे खाली इंग्रजी सबटायटल छापलेलं. ते लपवायला मी तळाशी काळी पट्टी टाकली. आता पट्टी रिकामी कशी ठेवायची? पत्रक लिहिणाऱ्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही. मी त्यात पांढऱ्या अक्षरांत घोषणा लिहिल्या. मला ते भयंकर आवडलं होतं.

आयोजक मुलीचा, घाटकोपरहून, फोन आला. “तू वेडी आहेस का गं? वर मुलगी समुद्रात उडी मारतेय आणि खाली लिहिलंय, ‘वाळवणाची जागा आमच्या हक्काची’!”

“मग नाहीये का हक्काची?”

“असेल ना यार! पण हा व्हिडिओ आहे की पत्रक? नियम वाचलास? सबटायटल नको, लोगो नको. डीव्हीडीवरून स्वच्छ फुटेज घे.”

“कुठली डीव्हीडी? ही मालिका इथे कुणी कधी विकली? विकायची नाही आणि वर आम्हालाच स्वच्छ फुटेज आणा म्हणून सांगायचं! हा कुठला न्याय?”

“माझ्याकडे आहे,” ती म्हणाली. “ओरिजिनल. जपानहून मागवलेली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नवीन व्हिडिओ दे. आणि डिस्कवर तुझी मासळीची बोटं लागली तर बघ.”

मी त्याच दिवशी घाटकोपरला जाऊन डिस्क आणली. हातात घेतली तेव्हा खरंच शिट्टी मारावीशी वाटली. आणि घरी आल्यावर लक्षात आलं की माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायला फटच नाही. कुणाच्याच लॅपटॉपला नाही. दहा जणांना विचारलं, दहाही जण हसले. शेवटी कुणीतरी मुलुंडच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्या काकांचं दुकान सांगितलं. ते अजून डिस्कवर लग्न देतात आणि तिला कॅसेट म्हणतात.

गुरुवारी दुपारी मी तिथे. काकांनी डिस्क आत ढकलली. ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर पाटी आली: या डिस्कचा रीजन वेगळा आहे.

“जपानची दोन नंबर, आपली पाच नंबर,” काका म्हणाले. “कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडलेत. तिथली डिस्क इथे चालू नये म्हणून.”

“म्हणजे पैसे मोजून घेतलेली डिस्क मी कुठे बघायची ते कंपनी ठरवणार?”

“रीजन बदलता येतो. पण एक ड्राइव्ह पाचच वेळा बदलू देतो. मग कायमचा कुलूपबंद. अमेरिकेतली पाव्हणेमंडळी त्यांच्या डिस्का घेऊन येतात, त्यात माझे चार गेले. एकच उरलाय.”

मी उभी राहिले. बसून मला बोलता येत नाही. ग्राहकाचा हक्क, समुद्र कुणाच्या मालकीचा, ज्ञान कुणाचं, सगळं काढलं. काकांनी चहा मागवला, तो आला, अर्धा झाला.

“भाषण संपलं?” त्यांनी विचारलं. “आता गाणं ऐकव. कशावर लावणार ते तर कळू दे.”

मी मोबाइल पुढे केला. आत्याचा आवाज त्या खोक्यासारख्या दुकानात भरला. काका चपापले. “अरे, हा धवला ना? मी कितीतरी कोळ्यांच्या हळदी शूट केल्यात. हे सुरू झालं की आम्ही आवाज बंद करतो आणि वर बँडचं गाणं टाकतो.”

“का?”

“गिऱ्हाईकच सांगतं.”

“आणि तुम्ही टाकता?”

“टाकतो ना बाई.” ते पडद्याकडे वळले. रीजनच्या चौकटीत गेले, दोन निवडला. संगणकाने विचारलं, खात्री आहे? यानंतर बदल होणार नाही. काकांनी माउस माझ्याकडे सरकवला. “दाब तूच.”

दाबलं.

लागली! समुद्र असा निळा असतो हे मला माहीतच नव्हतं. मी ओरडले. आणि लगेच पुन्हा ओरडले, कारण मुलीने पोहायला हात हलवला तशा त्या हातावर आडव्या रेघा आल्या, बारीक, दातेरी. डिस्क खराब! शेवटचा रीजन फुकट गेला! उद्या शुक्रवार! मी डिस्क काढून ओढणीने पुसायला निघाले तर काकांनी माझं मनगटच धरलं.

“हात लावू नकोस. तो कंगवा आहे.”

“कसला कंगवा?”

“चित्र दोन हप्त्यांत येतं, एक ओळ आत्ताची, एक ओळ पुढच्या क्षणाची. काही हललं की दोघांचे दात दिसतात. हळदीत नाचणाऱ्यांच्या हातांना कायम येतो.” त्यांनी दोन ठिकाणी क्लिक केलं, फाइल दहा मिनिटं शिजली, कंगवा गेला. दहा मिनिटं! मी इतका आदर कुठल्याच साहेबाला दिला नसेल.

मग मला ते दिसलं. चौकटीच्या तळाशी, जिथे आधी सबटायटल होतं आणि नंतर माझी घोषणा, तिथे होडीची कड होती, आणि कडेवर म्हाताऱ्या बाईचे दोन हात. हातांत दोर. दोर खाली पाण्यात, बुडी मारलेल्या मुलीच्या कमरेला. प्रत्येक बुडीला ते हात होते. मी महिनाभर तीच दृश्यं कापत होते आणि ते माझ्याच अक्षरांखाली झाकलेले होते. हे लिहिताना अजून जीभ चावावीशी वाटते.

त्यानंतर मी जे केलं ते काम मी आयुष्यात एवढ्या आनंदाने केलेलं नाही. आत्या एका श्वासात ओळ लांबवत नेते, मधे तोडत नाही. मी ओळ सुरू झाली की मुलीला पाण्यात सोडलं, आणि आत्याचा श्वास संपला की दोर ओढणारे हात, मग डोकं वर. मोजून बघितलं तर जवळजवळ काही कापावंच लागलं नाही. दोघी तेवढाच वेळ दम धरतात! मी शुक्रवारी दुपारीच पाठवला. एकही शब्द न लिहिता. आयोजक मुलीचं उत्तर आलं: “झकास. घेतला. मेसेज पाठवू नकोस.”

रविवारी आत्या नऊवारीत आली, केसांत अबोलीची वेणी, आणि ॲनिमेतल्या पात्रासारखा निळा विग घातलेल्या एका पोरीच्या शेजारी बसली. दोघींनी एकमेकींच्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं. अंधार झाला. स्पीकरमधून तिचा आवाज आला तो असा, की पुढच्या रांगेतल्या पोरांच्या हातातले मोबाइल खाली गेले. मी पडद्याकडे बघतच नव्हते, आत्याकडे बघत होते. आणि आत्या बोलत होती! निळ्या विगवालीला. “ती दोर धरते ना, ती खरी. पोरीचा दम संपला तं तिलाच कलतं. नि गान्यातल्या या वलीचा अर्थ असा हाय गो…”

व्हिडिओ संपला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. आत्या गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली.

“सरला? मी हिला सांगत व्हते, माजंच गानं मना आयकू नाय आलं.” मग उभी राहून, बाजारातल्या आवाजात, “ए पोरी! परत लाव!”

आयोजक मुलगी कागद हातात घेऊन पुढे आली. “आत्या, अजून पुष्कळ व्हिडिओ बाकी आहेत, वेळेत संपवायचंय…” पण सभागृहच ‘वन्स मोअर’ ओरडायला लागलं होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू हा मोर्चा मीच आणलाय, आणि परत लावला.

आत्या खाली बसली. निळ्या विगवालीने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर आत्याने तिच्या मांडीवर चापट मारली.

“आता बोलू नको.”