राहिलेल्या दोन पायऱ्या

लग्न झालं तेव्हा मी काही फार जाड नव्हते. अंगाने भरलेली होते, एवढंच. पण आमचे हे म्हणजे नुसतं उसाचं वाढं, वाऱ्याने हलेल असं शेंड्याचं पान! नव्या नवऱ्याने बायकोला उचलून जेजुरी गडाच्या पाच पायऱ्या चढायच्या, ही आमच्याकडची रीत. ह्यांनी मोठ्या जोमात उचललं. एक चढले, दुसरी चढले आणि तिसरीवर आम्ही दोघांनी बसकण मारली. सगळं वऱ्हाड खोखो हसलं. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, देवाला पोचलं." मीही हसले, पण परतताना दौंडपर्यंत जीपमध्ये पदराआड रडत होते.

हे हळूच म्हणाले, "दोन राहिल्यात. फेडू कवातरी."

त्यानंतर दर चंपाषष्ठीला हे वाक्य ठरलेलं. मला चिडवायला म्हणायचे, पण देवाचं अर्धवट ठेवलंय ही टोचणी त्यांना खरोखरच होती. माझं वजन मात्र दोन बाळंतपणांत आणि पंचवीसेक वर्षं चुलीसमोर बसून वाढतच गेलं.

गेल्या वर्षी थोरल्याचं लग्न ठरलं. हे म्हणाले, "पोराला घेऊन जेजुरीला जाऊ, तवा आपलंबी उरकून टाकू." एव्हाना कांद्याच्या गोण्या उचलून उचलून ह्यांची कंबर कामातून गेली होती. मला हलकं होणं भागच होतं, नाहीतर देवाच्या दारात नवऱ्याचा मणका मोडायचा.

पहिला मार्ग मला सुचला तो उपासांचा. खंडोबाचा रविवार होताच, त्यात गुरुवार धरला, चतुर्थी धरली. देवही खूश आणि वजनही कमी! मग साबुदाण्याची खिचडी, भगर, वर शेंगदाण्याची आमटी, दुपारी राजगिऱ्याचा लाडू. महिनाभराने वखारीतल्या कांद्याच्या काट्यावर चढले, तर काटा पुढेच सरकलेला. हे म्हणाले, "अगं, तू उपास करती का उपासाचं जेवण करती?" मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

मग भात सोडला. जरा कुठे वजन उतरलं तोवर माहेरी इनामगावला हुरड्याला गेले. आईने गूळ पुढे सरकवला, भावजयीने शेंगदाण्याची चटणी. आईच्या घरी नाही म्हणायची जीभ देवाने मला दिलेलीच नाही. उतरलेलं सगळं परत बसलं.

"जाऊ द्या," मी म्हटलं. "जात्याच अशी आहे मी. पोराच्या लग्नात माझं हसं करू नका."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दारात माझ्या चपला नीट लावून ठेवलेल्या आणि हे कालव्याच्या रस्त्याला लागलेले. कंबर धरून चाललेला तो काटकुळा माणूस दिसला, तशी पायात चपला सरकवल्या. गेले मागोमाग.

तेव्हापासून रोज कालवा. पण शेतकऱ्याच्या बाईला नुसतं चालून रिकामं परत येणं कसं जमणार? येताना बांधावरून म्हशीला घासाचा भारा आणायचे. शेजारीण म्हणायची, "काय बाई, चालायला जाती का वैरणीला जाती?" मध्ये पाहुणे आले, पावसाळा आला, ताप आला. मी चार-चारदा सोडलं. दर वेळी चपला दारात. काटा हलला नाही की मी चिडायचे आणि हे म्हणायचे, "काटा काय देव हाय का? चल."

पोराचं लग्न झालं, जेजुरीला गेलो. पोराने सुनेला फुलासारखं उचललं आणि पाचही पायऱ्या पार केल्या. येळकोट झाला, भंडारा उधळला. आदल्या दिवशी काट्यावर मी जवळपास जिथल्या तिथेच होते, त्यामुळे मी गर्दीत मागे मागे सरकत होते. पण ह्यांनी हात धरून मला तिसऱ्या पायरीवर नेलं, बाह्या सरसावल्या आणि वाकले.

वाकले ते वाकलेच. "आई गं," म्हणून कमरेवर हात.

मागून कोणीतरी हसलं. तेच ते हसू, माझ्या लग्नातलं. माझं डोकं फिरलं. पदर खोचला, एक हात ह्यांच्या पाठीशी, एक गुडघ्यांखाली, आणि उचललं. खरं सांगते, घासाचा ओला भारा ह्यांच्यापेक्षा जड असतो.

"अगं ये, सोड! लोकं बघत्यात!"

"बघू द्या."

चौथी चढले. पाचवी चढले. मग हळूच खाली ठेवलं. खालून पोरगा बेंबीच्या देठापासून येळकोट ओरडत होता आणि सून पदर तोंडाला लावून हसत होती. पण तिचं हसणं मला लागलं नाही. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"देवाला चालंल का गं असं?" त्यांनी घाबरत सासूबाईंना विचारलं, "आये, रीत उलटी झाली."

सासूबाई काठी टेकत वर बघून म्हणाल्या, "पोचलं म्हणते ना. त्याला काय, कुणी कुणाला उचललं."

 घरी येताना दौंड आल्यावर हे म्हणाले, "आता फेडलं सगळं. तू काय कालव्यावर येणार न्हाईस."

इतका पडलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. 

सकाळी हे उठायच्या आधी मी उठले आणि दारात चपला नीट लावून ठेवल्या. माझ्या नव्हे, ह्यांच्या.