खंडेनवमीची चाळणी

वर्सोव्याच्या खाडीकाठी एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही कालवांची पिल्लं वाढवायचो. ऐंशीच्या दशकात हे काम सांगितलं की लोक हसायचे. म्हणायचे, कालवं काय, खडकावर आपोआप होतात की! आपोआप काही होत नाही. मोठी कालवं जरा कोमट पाण्यात ठेवली की अंडी सोडतात. त्यातून निघालेली पिल्लं इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना पाणी गढूळ झालंय एवढंच कळतं. त्यांना चंबूत वाढवलेलं शेवाळ भरवायचं आणि दर एक दिवसाआड चाळणीतून गाळून ताज्या खाऱ्या पाण्यात सोडायचं. दोन-अडीच आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकाच्या अंगावर काळा ठिपका दिसतो. तो डोळा. डोळा आला की ती जागा शोधतात आणि एखाद्या जुन्या शिंपल्याला चिकटली की जन्मभर तिथेच राहतात.

मी दोन वर्षं तिथे तात्पुरती होते. साहेब म्हणाले होते, "ही खेप चिकटू दे, तुमचं नाव कायम नोकरीसाठी पाठवतो."

मदतीला माझी मैत्रीण होती. वाकोल्याला शेजारच्याच खोलीत राहायची. शाळेपासूनची जोडी आमची. साहेबांकडे शब्द टाकून मीच तिला कामाला लावलं होतं. पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "इथे साबण म्हणजे विष. हातालासुद्धा लावायचा नाही."

"कळलं गं बाई, किती वेळा सांगशील?" ती म्हणाली होती.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करायचो. आमची हत्यारं म्हणजे चाळण्या, बादल्या आणि सूक्ष्मदर्शक. त्या दिवशी मला लवकर घरी जायचं होतं म्हणून पूजा तिच्यावर सोपवली. देवापुढे ठेवायची वस्तू मळकट कशी ठेवायची? तिने चाळण्या-बादल्या साबणाच्या चुऱ्याने घासल्या, वरवर विसळल्या आणि हळदकुंकू वाहून मोकळी झाली.

दसऱ्याला सकाळी पाणी बदलायला मी एकटीच आले. चाळणीवरचं कुंकू पुसून मोठ्या टाकीतली सगळी पिल्लं मीच माझ्या हाताने गाळली. बादलीत फेस दिसला तेव्हा छोटी टाकी तेवढी उरली होती. तिला हात लावला नाही. दुपारपर्यंत मोठ्या टाकीतली पिल्लं मरून तळाशी बसली. डोळा आलेली पिल्लं होती ती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघींना उभं केलं. मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, 'साहेब, चुकलं माझं.' एवढं पुरलं असतं. मीसुद्धा तिच्या बाजूने बोलले असते.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "साबण चालत नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

साहेब माझ्याकडे वळले. "शिकवायचं काम तुमचं होतं ना?"

चूक तिने भोळेपणाने केली होती, ती मी केव्हाच माफ केली होती. पण हे वाक्य? त्याच आठवड्यात मला घरी बसवलं.

दिवाळीला ती फराळाचा डबा घेऊन आली. चेहरा उजळलेला. सोबत एक शिंपला होता, त्यावर तांदळाच्या कणीएवढी तीन कालवं.

"छोट्या टाकीतली गं, तुझीच. आणि ऐक ना, साहेब माझं नाव पाठवणार आहेत."

"साहेबांना खरं सांगितलंस?"

"आता कशाला ते उगाळतेस यार? झालं ते झालं."

शिंपला मी तिच्याच हातात परत दिला. तो बिचारा खाऱ्या पाण्याबाहेर किती वेळ होता कोण जाणे.

शेजाऱ्यांचा डबा आमच्याकडे रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आईने साखरेचा डबा पुढे सरकवला. मी तो मागे सारला, तिचा डबा मोरीत नेला, साबणाने दोनदा घासला आणि रिकामाच तिच्या दारात ठेवून आले.